दुहेरी गाठ

ऑफिसच्या फायर ड्रिलला सगळे जिन्याने उतरत होते आणि सहाव्या मजल्याच्या वळणावर सुश्रुतच्या डाव्या पायाला पायरी लागली नाही. म्हणजे पायरी होती. तो तिच्यावर उभाही होता. फक्त पाय टेकला हे पायाने त्याला कळवलं नाही. बुटाचं टोक कडेला घासलं, गुडघा आत वळला आणि तो भिंतीला खांदा लावून अर्धवट बसला. मागून येणारी ऑडिटमधली मुलगी "सर, ओके ना?" म्हणाली, आणखी कोणीतरी "ड्रिल आहे सर, खरी आग नाहीये" म्हणालं, चारपाच जण हसले, तोही हसला. मग रेलिंग धरून उरलेले मजले तो एकेक पायरी बघत उतरला. खाली पार्किंगमध्ये सगळे फोन काढून उभे होते, घोडबंदर रोडवरच्या जॅममधले हॉर्न ऐकू येत होते, आणि सुश्रुत आपल्या डाव्या बुटाकडे बघत होता. टोकाचं कातडं घासून पांढरं पडलं होतं. उजव्याचं नव्हतं. असं एका दिवसात घासत नाही.

त्याला तिथेच, उन्हात, नानांची चप्पल आठवली. नाना म्हणजे हरिहर मास्तर, त्याचे वडील. डोंबिवलीच्या एका शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. छप्पन्नाव्या वर्षी भाजी घेऊन येताना त्यांची डावी चप्पल पायातून निसटायला लागली. दोन पावलं पुढे जायचे, थांबायचे, मागे येऊन चप्पल घालायचे. घरात त्याची थट्टा चालायची. आईने शेवटी पट्ट्याचे सँडल आणले. मग पॅसेजमधून आवाज यायला लागला. उजवा पाय गुपचूप टेकायचा आणि डावा लादीवर फट् करून आपटायचा. मग काठी आली, मग वॉकर, मग पलंग. अडीच वर्षांत सगळं संपलं. शेवटच्या चार महिन्यांत त्यांचे फक्त डोळे हलत होते आणि त्या डोळ्यांनी ते चमच्याकडे बघायचे, नको म्हणून. सुश्रुत तेव्हा तिशीचा होता. त्याने डॉक्टरांना जिन्यात गाठून विचारलं होतं, हे घराण्यात येतं का? डॉक्टर किल्ल्या शोधत म्हणाले होते, "सहसा नाही." अठरा वर्षं झाली. बाकी काय बोलले ते तो विसरला होता, 'सहसा' तेवढं राहिलं होतं.

त्याने कोणाला सांगितलं नाही. क्षिप्राला, बायकोला, सांगायचं म्हणजे नानांच्या आजाराचा तो शब्द घरात आणायचा, आणि एकदा आणला की तो सोफ्यावर, जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे बसून राहणार. शिवाय काय सांगणार? पायरी चुकली? तो स्वतःच्या पावलांचे आवाज ऐकू लागला. घरात मोजे घालून फिरू लागला, लादीवर आवाज होऊ नये म्हणून. "हल्ली मांजरासारखा चालतोस रे," क्षिप्रा एकदा म्हणाली. लिफ्टमध्ये एकटा असला की तो टाचांवर उभा राहून दोन्ही चवडे उचलून बघायचा. उजवा यायचा. डावा यायचा, पण थरथरत, आणि दर आठवड्याला किंचित कमी. किंवा त्याला तसं वाटायचं. वाटणं आणि असणं यातला फरक कळेनासा झाला होता, आणि एखाद्या सकाळी पाय अगदी ठणठणीत वाटला की भीती कमी होण्याऐवजी वाढायची, कारण नानांचंही असंच व्हायचं.

रविवार मात्र त्याने सोडले नाहीत. अकरा वर्षांपूर्वी कंपनीने त्याला नऊ महिने स्कॉटलंडला पाठवलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने त्याला नदीत उभं राहून माशीने मासे धरायला शिकवलं. माशी म्हणजे पिसांची, दोऱ्याने आकड्यावर बांधलेली. पण त्या म्हाताऱ्याने पहिले चार शनिवार गळाचा रॉड हातात दिलाच नव्हता. काठी दिली होती. चार तुकड्यांची, आतून रबरी दोरी ओवलेली, झटका दिला की आपोआप जुळून सरळ होणारी. पाण्यात नेहमी दोन टेकू हवेत, तो सांगायचा, मगच तिसरा हलवायचा. काठी वरच्या अंगाला रोवायची, म्हणजे प्रवाहच तिला तळाशी दाबून धरतो. मासा खेळवताना दोन्ही हात लागतात तेव्हा काठी सोडून द्यायची. ती कमरेच्या पट्ट्याला क्लिपने अडकवलेली असते, खालच्या अंगाला तरंगत राहते. आणि कधी दगडात अडकलीच तर जोरात ओढायचं, क्लिप सुटते. काठी जाऊ दे, नवीन मिळते.

इकडे आल्यावर तो टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीवर जायला लागला. तिथेच प्रशांत भेटला. मोहने गावचा, त्याचे वडील, आबा, तिथल्या जुन्या कारखान्यात होते, प्रशांत कल्याणच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. तो कणकेच्या गोळ्या लावून गळ टाकायचा आणि हा माणूस रिकाम्या पाण्यावर एवढी दोरी का झुलवतोय हे बघत बसायचा. "याला वेडिंग स्टाफ म्हणतात, पाण्यात चालायची काठी," सुश्रुतने ती उघडून दाखवत सांगितलं तेव्हा प्रशांत म्हणाला होता, "लग्नातला स्टाफ? म्हणजे वाढपी?" आणि दोघं पाण्यात उभे राहून हसले होते. सुश्रुतने पहिला खडस मासा धरून परत सोडला तेव्हा मात्र प्रशांत हसला नव्हता. "घरी आईला काय सांगू, माशाला भेटायला गेलेलो?" म्हणाला होता. त्याला आठ वर्षं झाली. प्रशांत अजून कणीकच लावायचा आणि पाण्यात उतरताना घरून आणलेला एक वेळू हातात घ्यायचा.

जिन्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी काठीची क्लिप सुटली होती. कशातही अडकली नसताना, नुसत्या हिसक्याने. काठी दहाएक फूट वाहत गेली, प्रशांतने वेळू आडवा घालून अडवली. बाब एवढीच. पण ती दहा फूट जाईपर्यंत सुश्रुत मांडीभर पाण्यात कशालाही न धरता उभा होता आणि त्याला तळ लागत नव्हता. उजव्या पायाखाली दगड होते, गोल, शेवाळलेले, ओळखीचे. डाव्या पायाखाली काहीच नव्हतं, नुसता गारवा. त्या आठवड्यात त्याने बाथरूमचं दार लावून क्लिप काढून टाकली. नायलॉनची दोरी दुहेरी केली, एक टोक काठीच्या मुठीला, एक पट्ट्याच्या कडीला, आणि दोन्हीकडे दोन दोन गाठी मारल्या. पाय भिंतीला लावून ओढून बघितलं. सुटली नाही. मग नळ सोडून दोरी भिजवली आणि परत ओढली. गाठी आणखी आवळल्या. बाहेरून क्षिप्राने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" तो म्हणाला, "दाढी करतोय." काठी आता कुठेही जाणार नव्हती. त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

डिसेंबरचा पहिला रविवार होता. पाणी निवळलेलं, तळाचे दगड मोजता येतील असं. प्रशांत काठावर कणीक मळत बसला होता आणि सुश्रुत मधल्या खडकाच्या अलीकडे, मांडीभर पाण्यात जाऊन उभा राहिला. जाताना त्याने प्रत्येक पाऊल आधी काठीने चाचपलं, मग उजवा पाय, मग डावा उचलून नाही तर ओढत. प्रशांत बघतोय का हे बघायला मागे वळायची त्याची हिंमत झाली नाही. पोहोचल्यावर त्याने काठी सोडली, ती डावीकडे खालच्या अंगाला तरंगायला लागली, आणि त्याने रॉडची दोरी हवेत उचलली. पुढची दहा मिनिटं बरी गेली. दोरी मागे सरळ व्हायची, क्षणभर थांबायची, पुढे यायची, माशी खडकाच्या सावलीत पडायची. खांदा, कोपर, मनगट, सगळं सांगितल्यासारखं करत होतं. पाय पाण्याखाली होते, तो तिकडे बघत नव्हता, आणि न बघितलेले पाय काही वेळ नसल्यासारखेच होते. इतकं निवांत त्याला दोन महिन्यांत वाटलं नव्हतं.

पाणी वाढतंय हे त्याला शर्टावरून कळलं. शर्टाचं टोक ओलं झालं होतं. वरच्या कुठल्यातरी बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या असाव्यात. वीतभरच वाढलं होतं, पण प्रवाहाचा आवाज बदलला होता, जड झाला होता. काठावरून प्रशांत उभा राहून ओरडला, "ये आता, पाणी सोडलंय!" त्याने हात वर केला. लाइन गुंडाळली, रॉड बगलेत धरला, काठी जवळ घ्यायला पट्ट्याची दोरी ओढली. आली नाही. परत ओढली. काठीचं टोक खालच्या दोन दगडांच्या फटीत गेलं होतं आणि वाढलेलं पाणी तिला आणखी आत रेटत होतं. दोरी कडीपासून ताठ झाली होती आणि त्याला डाव्या कुशीवर, खाली, प्रवाहाच्या दिशेने ओढत होती. सोडवायची तर खालच्या अंगाला एक पाऊल टाकायचं, भार डाव्या पायावर द्यायचा आणि काठी उलट दिशेने उपसायची. एक पाऊल. त्याने ते टाकलं नाही. तो उजव्या पायावर उभा राहून गाठीशी झटू लागला. भिजलेला नायलॉन दगडासारखा झाला होता. नखं निसटत होती. छातीला टांगलेला लाइन कापायचा छोटा कटर त्याने लावून बघितला. तो केसाएवढा धागा कापायचा, या दोरीवरून नुसता घसरला, मग हातातून सुटला. रॉड कधी गेला ते कळलं नाही. पाणी कमरेला आलं होतं आणि डावा पाय प्रवाहात हलत होता. कपडे वाळत घातल्यावर पँटचा पाय हलतो तसा. ते बघितल्यावर घशातून आवाज आला, पण तो हाक नव्हती. हाक मारायला हवी हे त्याला कळत होतं. आणि हाक मारली की प्रशांत येणार, बघणार, विचारणार, हेही. पाणी कमरेला असताना तो या गोष्टीला भीत होता.

प्रशांत हाकेशिवायच आला. वेळू रोवत, तिरका, वरच्या अंगाने, आणि त्याच्या वरच्या बाजूला अगदी लगत येऊन उभा राहिला, प्रवाह आपल्या अंगावर घेत. "काय झालं?"

"काठी अडकली. गाठ सुटत नाहीये."

"बांधून का ठेवलीस?"

"सुटत नाहीये रे!"

"अरे पट्टा सोड ना, येड्या! पट्टा!"

पट्ट्याला बकल होतं. प्लॅस्टिकचं, दोन बाजूंनी दाबलं की उघडणारं. ते त्याला दिसलंच नव्हतं. त्याने दाबलं, पट्टा सापासारखा सरकला आणि माश्यांच्या डबीसकट पाण्याखाली गेला. "आता माझ्या खांद्याला धर," प्रशांत म्हणाला, "मी पाऊल टाकतो तेव्हा तू थांब. तू टाकतोस तेव्हा मी थांबतो. टाक." सुश्रुतने उजवा टाकला. प्रशांतने टाकला. "टाक." सुश्रुतने डावा टाकला. म्हणजे त्याने मनात टाकला, कंबर पुढे नेली, भार दिला, आणि खाली पाय नव्हता. पाऊल उलटं मुडपून मागे कुठेतरी राहिलं होतं. त्याचं सगळं वजन प्रशांतच्या खांद्यावर आलं आणि दोघं एकदम गेले.

पाण्याखाली आवाज नव्हता. हिरवट उजेड आणि तोंडात मातीची चव. त्याच्या मुठीत प्रशांतचा शर्ट होता आणि तो त्याने सोडला नाही. धरला होता प्रशांतला वाचवायला की स्वतःला, हे त्याला नंतरही ठरवता आलं नाही. काहीतरी प्रशांतवर आपटलं, शर्टातून त्याला तो धक्का जाणवला. मग पाठीखाली वाळू लागली. पंधरा-वीस फुटांवर नदी पसरट होत होती तिथे ते दोघं गुडघाभर पाण्यात पडले होते. प्रशांत उपडा होता. सुश्रुतने त्याला उलटं केलं, ओढलं, तोंडातून पाणी आलं, मग खोकला आला, मग शिव्या. शिव्या ऐकून सुश्रुत रडायला लागला. प्रशांतचा उजवा गुडघा बघता बघता सुजत होता.

 पलीकडच्या काठाला एक खंड्या पाण्यावर सूर मारून परत तारेवर जाऊन बसला, दोनदा. मग प्रशांत त्याच्याकडे न बघता म्हणाला, "मी थांबलेलो तिथे. तुझ्या पायाची वाट बघत. तू पाय टाकलाच नाहीस."

"टाकला होता."

"नाही टाकलास." त्याने सुजलेला गुडघा धरला. "कधीपासून?"

"दोन महिने. जास्तच."

"म्हणजे मागच्या रविवारी पण. त्याच्या आधी पण." प्रशांतने मान वळवली. "मला पोहता येत नाही, माहितेय ना तुला?"

सुश्रुतला माहीत होतं. आठ वर्षं माहीत होतं. गेल्या दोन महिन्यांत ते त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

गाडीपर्यंत ते एकमेकांना धरून गेले. कोण कोणाला नेत होतं सांगता आलं नसतं. प्रशांतला बाजूच्या सीटवर बसवलं, पाय लांब करून. सुश्रुतने गाडी सुरू केली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. कच्च्या रस्त्याने दोनशे मीटर गेले असतील. वळणावर एक बाई डोक्यावर लाकडं घेऊन चालली होती. त्याने क्लच दाबायला पाय उचलला आणि पाय पेडलच्या कडेवरून घसरला. गाडी हिसका देऊन, खाकरून बंद पडली. बाईने वळून बघितलं आणि चालायला लागली. तिच्यात आणि बॉनेटमध्ये दोन हातांचं अंतर होतं. प्रशांत तिच्याकडे बघत नव्हता. तो खाली, पेडलवरच्या पायाकडे बघत होता.

"फोन लाव वहिनींना," तो म्हणाला.

"हॉस्पिटलला पोचल्यावर..."

"आत्ता लाव."

फोन प्रशांतचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत काठावर ठेवला होता म्हणून वाचलेला. क्षिप्राने तिसऱ्या रिंगला उचलला. मागे कुकरचा आवाज होता. सुश्रुतने आपण कुठे आहोत ते सांगितलं, प्रशांतला लागलंय ते सांगितलं, मग थांबला, आणि मग पायाचं सांगितलं. एका वाक्यात. ते वाक्य त्याने मनात कितीतरी वेळा तयार केलं होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच आलं: "नानांसारखं होतंय मला."  मग ती म्हणाली, "थांब, गॅस बंद करते." पावलं गेली, पावलं परत आली. "गाडी आहे तिथेच ठेव. मी येतेय. आणि आता पहिल्यापासून सांग, मी रिक्षा बघेपर्यंत सांगत राहा."

पुढचे तीन आठवडे नानांच्या वेळचेच वास घेऊन आले: स्पिरिटचा, वेटिंग रूममधल्या फिनाइलचा. ठाण्यातल्या डॉक्टरांनी त्याच्या पायात सुया खुपसून नसांचे आवाज ऐकले, मशीनमधून खरखर यायची, आणि सुश्रुत डॉक्टरांच्या भुवया वाचत राहायचा. एमआरआयमध्ये कमरेतली एक नस दबलेली दिसली. "यानेही पाऊल असं पडू शकतं," डॉक्टर म्हणाले. क्षिप्राने त्याचा हात दाबला. मग डॉक्टरांनी वडिलांची फाइल परत उघडली, बराच वेळ वाचली आणि तीन महिन्यांनी परत तपासणी करू म्हणाले. "तोपर्यंत काय समजायचं?" क्षिप्राने विचारलं. "तोपर्यंत कमरेचे उपचार." पावलाला आधार द्यायला एक प्लॅस्टिकची पट्टी मिळाली, बुटात घालायची. ती घातली की पाय लोंबत नसे. रात्री काढून ठेवली की ती पलंगाखाली दुसऱ्या कुणाच्या पायासारखी उभी राहायची.

प्रशांतने फोन उचलला नाही. एकदाही नाही. गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं होतं हे आबांकडून कळलं. चौथ्या रविवारी सुश्रुत क्षिप्राबरोबर मोहन्याला गेला. ती भाड्याच्या गाडीतच बसते म्हणाली, "हे तुझं तू जा."

दार आबांनी उघडलं. ऐंशीच्या जवळ आलेले, ताठ. "या," एवढंच म्हणाले. प्रशांत आतल्या खाटेवर, पायाला पट्टा, मांडीवर लॅबच्या वह्या. त्याने वर बघितलं आणि परत खाली. प्रशांतच्या आईने, भीमाबाईंनी, पाणी आणून दिलं. सुश्रुतने घरून तयार केलेलं सगळं विसरून सांगितलं: की त्याला माहीत होतं, की त्याने लपवलं, की तो भीत होता, की बुडाले असते तर ते त्याच्यामुळे. बोलताना तो लादीकडे बघत होता.  संपल्यावर प्रशांत म्हणाला, "तुझ्याबरोबर पाण्यात नाय उतरणार मी. परत कधीच नाय."

"बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणू नको. सांगायचं होतंस. मी काय, आलो नसतो का? आलोच असतो. पण बघून आलो असतो."

 आबा इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला, डोळ्यांना लावला. "कारखान्यात आमच्याकडे एकाला असं झालं होतं," ते म्हणाले. "तो बी लपवायचा. शिफ्टमध्ये सगळ्यांनला दिसत होतं, त्यालाच वाटायचं कोणाला कळत नाय." मग हाताने दाराकडे दाखवलं. "चालून दाखवा. इथून दारापर्यंत."

"आबा, राहू दे ना," प्रशांत म्हणाला.

"राहू दे कशाला? बघू दे आम्हाला. तूही बघ."

सुश्रुत उठला.  दारापर्यंत सात पावलं असतील. त्याने वाकून बूट काढला, मोजा काढला, पट्टी काढून खुर्चीवर ठेवली, आणि अनवाणी उभा राहिला. प्रशांतने वह्या बाजूला ठेवल्या. तिघंही त्याच्या डाव्या पावलाकडे बघत होते, आणि त्याच्या लक्षात आलं की घर आणि दवाखाना सोडून हा पाय त्याने आजवर कोणाला दाखवला नव्हता.

भीमाबाई उठल्या, दारातलं पायपुसणं उचललं आणि ते हातात धरून बाजूला उभ्या राहिल्या.

त्याने उजवा पाय टाकला. मग डावा. फट्, लादीवर आवाज झाला, सगळ्यांना ऐकू गेला असा. तो पुढचं पाऊल टाकायला निघाला.